उरलेल्या किडनीतला खडा

सकाळपासून लघवी झालेली नाही, हे माझ्या लक्षात आलं ते दुपारी, डबा उघडताना.

मी भाईंदरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. प्रवेशाचे दिवस होते, खिडकीवर रांग होती. अशा दिवसांत पाणी न पिणं आणि बाथरूमला न जाणं याची आम्हा बायकांना इतकी सवय असते की तो कामाचाच भाग वाटतो. कमरेच्या डाव्या बाजूला सकाळपासून दुखत होतं. गॅस असेल म्हणून ओवा चावला होता. डब्यात भाकरी आणि बोंबलाची चटणी होती. वास सहन होईना, डबा बंद केला. बाथरूममध्ये जाऊन बसले. काहीच नाही. नळ सोडून बसले. थेंब नाही.

दुसऱ्या कुणी घरी जाऊन गरम पाण्याची पिशवी घेतली असती. मी पर्स उचलली आणि हॉस्पिटलला जायला रिक्षा केली. कारण माझ्याकडे एकच किडनी आहे. दुसरी भाईंदरजवळच्या डोंगरीला असते, माझ्या धाकट्या भावाच्या, दिनेशच्या पोटात.

ज्यांनी घरातल्या माणसाला किडनी दिली आहे आणि मग "आता आपलं काम झालं" म्हणून जे रोजच्या धबडग्यात परत गेले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि ज्यांच्या मोबाईलवर रोज "शरीर अल्कलाइन करा" असे निरोप येतात, त्यांच्यासाठीही.

एक्स-रेत न दिसलेलं

एक्स-रे स्वच्छ आला. मला हायसं वाटलं. सोनोग्राफीवाल्याला वाटलं नाही. त्याने तपासायचा दांडा पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवला आणि विचारलं, "मॅडम, दुसरी साइड का ऑपरेशन हुआ है क्या?"

सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं मोजकं.

"मूत्रनलिकेत खडा अडकलाय. बहुतेक युरिक ॲसिडचा. हे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. वर किडनी फुगलीय. दुसरी किडनी कधी काढली?"

"काढली नाही. दिली."

"कुणाला?"

"भावाला."

त्या लिहायच्या थांबल्या. "मग आपल्याला थांबून चालणार नाही," म्हणाल्या. "आत्ताच नळी घालायची. खड्याचं नंतर बघू. आधी वाट मोकळी करू."

माझा नवरा अनिल पोचला तेव्हा मी स्ट्रेचरवर होते आणि त्याला कामं सांगत होते. गॅस बंद आहे का बघ, ऑफिसच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, ती पोचव, मेडिक्लेमचं कार्ड लाल फाइलीत. तो "हो, हो" म्हणत होता. भीती वाटली की मी कामं वाटते. तो भ्यायला की हो म्हणतो.

शुद्धीवर आले तेव्हा एक नर्स लघवीची पिशवी उजेडाकडे धरून उभी होती. "आंटी, देखो! आया!" ती म्हणाली. परीक्षेचा निकाल सांगावा तसा तिचा चेहरा. मी पडल्या पडल्या रडले. एवढ्याशा पिवळ्या पाण्यासाठी कुणी रडू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

बसवत नाही

आत घातलेल्या नळीबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. ती असेपर्यंत सतत वाटत राहतं की आत्ताच जायला हवं. जाऊन आलं तरी वाटतं. बसलं की टोचतं, उभं राहिलं की ओढ लागते. हे सगळं अपेक्षित असतं. पण ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी पुन्हा कमी झाली, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

मी वॉर्डात फेऱ्या मारायची. लॉकर आवरायची, परत उघडून परत आवरायची. शेजारच्या खाटेवरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "बहनजी, अब बैठ भी जाओ. आपको देखके मेरा बीपी बढ़ रहा है."

रोज रक्त घ्यायचे आणि क्रिएटिनिन बघायचे. हा आकडा चढला म्हणजे किडनी रक्त नीट साफ करत नाही. माझा बराच चढला होता. उतरत होता, पण रेंगाळत. पूर्ण खाली येईल का, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अनिलच्या तोंडून निघालंच.

"मी तेव्हाच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?"

"उद्या तुला काही झालं तर? तेव्हा सगळे मला स्वार्थी म्हणाले. तूसुद्धा."

तो मोठ्याने बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. तेव्हा संमतीच्या कागदांवर त्याने सही केली होती, पण नंतर आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नव्हता. इतक्या वर्षांत तो विषय मिटला, असं मी धरून चालले होते.

"दिनेशला कळवायचं नाही," मी म्हटलं.

"का नाही? त्याला कळायला नको?"

"नाही. शप्पथ घे."

त्याने शप्पथ घेतली नाही, पण फोनही केला नाही. दिनेशचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, पाठ धरलीय, घरीच पडून आहे.

पहिला वाटा

डिस्चार्जच्या आधी मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "काय खाता?"

"घरचंच."

"घरचं म्हणजे?"

मी सांगत गेले. सकाळी भाकरी आणि जवळा. डब्यात बोंबील नाहीतर सुकटीची चटणी. रात्री ताजी मासळी, कालवण आणि भात. भाजी? रविवारी, अनिल आणतो तेव्हा. पाणी? तहान लागली की.

"सुकी मासळी रोज?"

"रोज. भावाकडून येते."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही डोंगरीकडचे कोळी. ऑपरेशननंतर दिनेशला समुद्रावर जायची बंदी झाली. चुलतभावाबरोबर बोटीत त्याची भागी आहे, तो किनाऱ्यावरची कामं बघतो. बरा होऊन उठल्यावर पहिली बोट लागली त्या दिवशी, मासळीची निवड व्हायच्या आधी त्याने टोपलीतून चांगली पापलेटं उचलून बाजूला ठेवली. "पहिला वाटा तायचा," म्हणाला. मग ते घरात ठरूनच गेलं. बोट आली की आधी माझा वाटा निघतो आणि रिक्षाने माझ्या घरी, शांती नगरला येतो. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा सुकट, बोंबील, बांगडा येतो. मासळी टाकणं आमच्याकडे पाप. अनिल परळचा, त्याला बुधवार-रविवार पुरे. उरलेलं मी खायचे. भावाच्या हातचं म्हणून कौतुकाने खायचे.

मॅडमनी कागदावर चित्र काढलं नाही की व्याख्यान दिलं नाही. थोडक्यात सांगितलं. मासे, मटण, अंडी पचल्यावर शरीरात आम्ल उरतं. भाज्या-फळांनी उलटं होतं. रक्तातला तोल शरीर कसोशीने सांभाळतं आणि जास्तीचं आम्ल किडनी लघवीतून बाहेर टाकते. म्हणजे जेवणाने सहसा रक्त बदलत नाही, लघवी बदलते. लघवी सतत आम्ल राहिली तर युरिक ॲसिड विरघळत नाही, त्याचे कण जमतात. आणि सुक्या मासळीतून ते युरिक ॲसिडही भरपूर मिळतं.

"त्यात पाणी कमी," त्या म्हणाल्या. "खडा व्हायला अजून काय पाहिजे?"

"म्हणजे ऑपरेशन?"

"कदाचित नाही. हीच एक जात अशी आहे की लघवीतलं आम्ल कमी केलं तर खडा जागच्या जागी विरघळू शकतो. बघू. नाही विरघळला तर दुर्बिणीने काढू. पण तुमच्या एकुलत्या किडनीला मी उगाच हात लावणार नाही."

मला आशा लागली आणि त्याच क्षणी भावाचा चेहरा आठवला. दिनेशला काय सांगायचं? तुझा वाटा माझ्या किडनीत जाऊन बसला?

हिरवं, आणखी हिरवं

घरी आल्यावर माझ्या हाताला काम मिळालं आणि मी सुटले. लघवीचा पीएच बघायच्या पट्ट्या मिळतात. लघवीत बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी जुळवायची. नारिंगी म्हणजे आम्ल, हिरवट म्हणजे आम्ल कमी. मॅडमनी मधला एक रंग दाखवला होता, इथे ठेवा म्हणून. औषध दिलं होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते किडनीची ताकद, बीपी आणि रक्तातलं पोटॅशियम बघून ठरतं. माझं वाचून कुणी दुकानातून आणायला नको.

पहिला आठवडा नारिंगीच. मी चिडले. शेजारच्या भावनाबेन विचारपूस करायला आल्या. त्यांच्या घराण्यात कुणी कधी अंडंही बघितलं नसेल.

"दीदी, सब एसिड का खेल है. बॉडी को अल्कलाइन करो. सुबह पालक का ज्यूस, दोपहर में नारियल पानी, शाम को टमाटर का सूप. मेरे जीजाजी का तो घुटना ठीक हो गया."

"घुटना?"

"हाँ, तो किडनी क्या चीज़ है!"

मला पटलं, कारण करायला काहीतरी मिळत होतं. ओट्यावर वेळापत्रक लावलं. पालक, शहाळं, टोमॅटो, संत्री, पुन्हा शहाळं. पट्टी हिरवी झाली. मी आणखी जोर लावला, ती गडद हिरवी झाली. मी अनिलला बाथरूमच्या दारात उभं करून पट्टी दाखवली.

"छान आहे," तो म्हणाला. "फ्रेम करूया?"

मग पायांतली ताकद गेली. जिना चढताना मधेच बसावं लागलं, छातीत फडफड. नेमकी त्या दिवशी रक्ताची तपासणी होती. दुपारी मॅडमचा स्वतःहून फोन आला, असाल तशा या. पोटॅशियम वाढलं होतं. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नव्हतं आणि मी शहाळ्यातून, पालकातून, टोमॅटोतून ते ओततच होते. हृदयाचा आलेख काढला, औषध दिलं, उशिरापर्यंत बसवून ठेवलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

मी भावनाबेनचं नाव घेतलं नाही. "वाचलं."

"पट्टी बघू." त्यांनी रंग बघितला. "हेही जास्त झालं. लघवी इतकी अल्कलाइन ठेवलीत तर दुसऱ्या जातीचा खडा होईल, आणि तो विरघळणार नाही. मी रंग दाखवला होता ना? त्याच्या पुढे जायला बक्षीस नाहीये."

ऑफिसात मी चोवीस वर्षं लोकांना हेच सांगत आलेय, की फॉर्मवर विचारलंय तेवढंच भरा.

घरी येऊन वेळापत्रक फाडलं. मग मॅडमच्या डायटिशियनने माझे रिपोर्ट समोर ठेवून बसवलं ते जेवण साधं होतं. दुधी, पडवळ, कोबी, भाज्या चिरून उकळून ते पाणी टाकायचं. भाकरी-भात ठरलेला, डाळ बेताची, मीठ कमी. मासळी काही दिवस बंद. पाणी त्यांनी ठरवून दिलं तेवढं, दिवसभर विभागून. आंबट चवीची मी उगाच धास्ती घेतली होती. लिंबू जिभेला आंबट लागतं, पण पचल्यावर लघवीचं आम्ल वाढवत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. पण हे जेवण माझ्या रिपोर्टचं आहे. तुमचं तुमच्या रिपोर्टप्रमाणे असेल.

फ्रीजर

वाटा यायचा थांबला नव्हता. रिक्षावाला पुडकं देऊन जायचा, मी "मिळालं रे" असा फोन करायचे आणि अनिल ते फ्रीजरमध्ये ठेवायचा. वाटायचा विचार केला, पण बिल्डिंगमधली मासे खाणारी दोन घरं दिनेशला ओळखतात. कुणीतरी बोललंच असतं.

एका रविवारी तो स्वतःच आला. हातात थर्माकोलचा खोका.

"पाठ कशी हाय गो?"

"बरी आहे. बस, चहा टाकते."

"तू बस. आधी हे ठेवतंय." तो थेट स्वयंपाकघरात गेला. फ्रीजर उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी उठून गेले. त्याने सगळी पुडकी ओट्यावर काढली होती.

"ही मागच्या खेपंची सुरमई. हा त्याच्या आधीचा हलवा. ही कोलंबी तर मी बायकोशी भांडून काढली होती." त्याने माझ्याकडे बघितलं. "गाठ पण सोडली न्हाय. तू घरात हायस ना, मग खाल्लं का न्हायस, ताय?"

मी पुडकी परत आत ठेवायला लागले. हॉलमधून अनिल म्हणाला, "दिनेश, बाहेर ये. बस जरा."

"भावोजी, तुम्ही गप ऱ्हावा. ताय?"

मग मी सांगितलं. उभ्याने, ओट्याला टेकून. खडा, नळी, सगळं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो फक्त किडनीचा माणूसच विचारेल.

"क्रिएटिनिन किती?"

मी आकडा सांगितला. त्याने डोळे मिटले. मग खाली फरशीवरच बसला.

"मना का न्हाय सांगलंस?"

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे झालं."

"वाटलं असतं! वाटू दे. ते वाटायचं काम माझं हाय. तू मधी कशाला पडतंस?" त्याचा आवाज चढला. "मी तुझी किडनी पोटात घेऊन फिरतंय, न तू मना पाठदुखी सांगतंस? परका हाय मी?"

"मी सांगणार होतो," अनिल दारात येऊन म्हणाला.

"मग सांगायचं ना! तोंड कुणी शिवलंय तुमचं?"

"हिने."

दिनेशने माझ्याकडे बघितलं, अनिलकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता तो रडायला लागला. अनिल त्याच्या बाजूला फरशीवर बसला. गुडघ्यांमुळे त्याला खाली बसायला त्रास होतो, तरी बसला. त्याने दिनेशच्या पाठीवर हात ठेवला. ते जुनं भांडण त्या हाताने मिटलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य आमच्या घरात आलेलं नाही.

थोड्या वेळाने दिनेश म्हणाला, "मासळीनं झालं ना?"

"एकट्या मासळीने नाही. पाणी नाही, भाजी नाही, रोज सुकट. आणि एकच किडनी. सगळं मिळून."

"माझी सुकट डॉक्टरनं कवाच कमी केलीय. मी म्हटलं, माझ्या वाट्याची पण ताय खाईल." त्याने नाक पुसलं. "वाटा काढायचा मी थांबणार न्हाय. खायचा किती ते तू बघ. उरला तर वाट लोकांना, मना काय न्हाय त्याचं."

"भावनाबेनला देऊ?"

"दे. दार उघडायच्या आधी पळ मातर."

रिपोर्ट

पुढच्या स्कॅनला तो हट्टाने बरोबर आला. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. खडा तसाच असेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन, तेही एकुलत्या किडनीवर. पट्टी योग्य रंगावर होती, पण आत काय झालंय ते पट्टी सांगत नाही. त्या दिवशी स्कॅन सेंटरच्या बाहेर मी इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमनने विचारलं, गाडी शोधताय का.

तुम्हीही अशाच एखाद्या स्कॅन सेंटरच्या बाकावर बसलेले असाल तर तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. किडनी दिली असेल तर वर्षाची तपासणी चुकवू नका. मी दोन वेळा चुकवली, कामं होती म्हणून. कुणी जेवणाचा सल्ला दिला तर आधी आपला रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा. आणि घरच्यांपासून लपवू नका. लपवायला जी ताकद लागते ती बरं व्हायला लागते.

मॅडमनी आत बोलावलं. खडा दिसत नव्हता. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "विरघळला. पुढच्या आठवड्यात नळी काढू." क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या जागेवर परत आला नव्हता. थोडा वरच राहिला होता आणि बहुधा तिथेच राहणार होता. "सांभाळलंत तर यावर आयुष्य काढता येतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. आनंद झाला होता, पण तो आकडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

बाहेर आल्यावर दिनेशने रिपोर्ट माझ्या हातातून घेतला. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, पण बोट बरोबर त्या ओळीवर गेलं. बराच वेळ तो बघत राहिला.

"माझा याच्यापेक्षा कमी हाय," तो म्हणाला.

"काय?"

"क्रिएटिनिन. परवाच काढला. तुझ्यापेक्षा चांगला हाय." त्याने शर्टावरून पोटावर हात ठेवला. "तुझीच हाय गो ही. पण माझ्याकडं कशी शहाण्यासारखी वागतंय बघ."

"मग दे परत."

"न्हाय देणार," दिनेश म्हणाला. "तू तिला पाणी पाजत न्हायस."